इंजिन आलं, पण गाडीच तयार नव्हती : माझा अनुभव

इंजिन क्रेटमधून गॅरेजमध्ये उतरलं त्या दिवशी मी रात्री दोनदा उठून बघून आलो, खोटं कशाला सांगू. शेवरलेचं आठ सिलिंडरचं ६.२ लिटरचं एलएस३, कंपनीनेच जरा गरम, म्हणजे जास्त ताकद काढणारा, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकून दिलेलं, ४९५ हॉर्सपॉवर. मला वाटलेलं दोन-तीन वीकेंडचं काम आहे, जुनं काढायचं, नवं बसवायचं. प्रत्यक्षात ते इंजिन पुढचे अकरा महिने सोलापुरी चादर पांघरून स्टँडवर उभं होतं आणि मी गाडीखाली आडवा होतो.

गाडी म्हणजे १९६८ ची शेवरले कॅमॅरो. मी डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉयमध्ये राहतो, इथे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून चालू आहे, लोक फोल्डिंग खुर्च्या टाकून फुटपाथवर बसतात आणि दिवसभर जुन्या गाड्या बघतात, आपल्याकडे गणपतीची मिरवणूक बघायला बसतात तसं. नवीन आलो तेव्हा पहिल्यांदा गेलो आणि तिथेच बिघडलो. माझ्या गाडीत मूळचं ३२७ क्युबिक इंचाचं इंजिन होतं, म्हणजे साधारण ५.४ लिटर, २१० हॉर्सपॉवर, आणि दोनच गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक. ते २१० पण जुन्या पद्धतीने मोजलेले, पंखा-अल्टरनेटर-सायलेन्सर काही न लावता नुसतं इंजिन टेबलावर ठेवून. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मोजायची पद्धत बदलली तेव्हा सगळ्याच गाड्यांचे आकडे धाडकन खाली आले. म्हणजे मी दुप्पट नाही, चांगली तिप्पट ताकद त्या जुन्या पत्र्यात घालायला निघालो होतो.

कोल्हापूरला आमच्या अण्णांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, शिरोलीच्या फाउंड्र्यांची कास्टिंग्ज मशिनिंगला यायची. व्हिडिओ कॉलवर इंजिन दाखवलं तर त्यांनी बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "इंजिन राहू दे रं. आधी सांगाडा सरळ हाय का बघ. बेड वाकडा असला तर लेथ कितीबी भारी घे, काम वाकडंच येतंय."

मी हो हो म्हटलं आणि लक्ष दिलं नाही.

तर आधी गंजाचं सांगतो कारण सगळी सुरुवात तिथून झाली. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे जुनी गाडी वरून कितीही चकचकीत असली तरी खालून काय आहे ते देवाला माहीत. शेजारी एक आजोबा आहेत, एका कार प्लँटमधून रिटायर झालेले वेल्डर. त्यांनी बाटलीभर पाणी मागितलं, मला वाटलं प्यायला पाहिजे. ते त्यांनी काचेच्या पुढे वायपरजवळ ज्या जाळ्या असतात त्यात ओतलं आणि मला म्हणाले आता आत डॅशबोर्डखाली हात लाव. पॅसेंजर बाजूचं कारपेट ओलं! त्या जाळ्यांच्या खाली हवा आत यायचा एक बंद कप्पा असतो, पन्नास वर्षं त्यात पानं पडून कुजलेली, ओल धरून पत्रा खाल्लेला. स्पॉट वेल्ड एकेक ड्रिल करून वरचा पत्रा उघडला तर आत उंदराचं अख्खं घर, त्यात कुणाच्या तरी सीटचा फोम. फ्लोअर तर स्क्रूड्रायव्हर टेकवला की आरपार जात होता. नवीन फ्लोअर पॅन टाकले, पातळ पत्रा असल्यामुळे एक टॅक (वेल्डचा छोटा ठिपका) इथे मारायचा मग लांब तिकडे मारायचा, सलग वेल्ड मारत गेलं की पत्रा तापून पापडासारखा फुगतो. माझा पहिला तुकडा पापडच झाला, तो कापून परत केला.

आता या गाडीची रचना अशी आहे की पूर्ण लांबीची चॅसिस नाही. मागचा अर्धा भाग म्हणजे पत्र्याचाच डबा, आणि पुढे इंजिन-सस्पेन्शन धरणारी वेगळी सबफ्रेम, जी रबरी बुश घालून मोठ्या बोल्टांनी बॉडीला आवळलेली. २१० ला ते चालून जायचं. ४९५ ला पाय दाबला की पुढचा भाग एकीकडे पीळ खाणार आणि मागचा दुसरीकडे, दारांच्या फटी बदलतात, छताच्या जोडाला पेंट तडकतो. म्हणून सबफ्रेमपासून मागच्या फ्रेम रेलपर्यंत दोन्ही बाजूला स्टीलचे चौकोनी पाइप वेल्ड करतात, सबफ्रेम कनेक्टर म्हणतात त्यांना. पाइप आणून ठेवले, गाडी जॅकस्टँडवर चढवली, हेल्मेट घातलं. तेवढ्यात आजोबा आले, काही न बोलता ड्रायव्हरचं दार उघडलं आणि परत लावायला गेले. लागेना! लॅच दोन-तीन मिलीमीटर खाली येत होतं. स्टँड मी मधोमध लावले होते त्यामुळे पुढचं आणि मागचं वजन लोंबत होतं आणि गाडी मध्ये कमान झाली होती. त्या अवस्थेत पाइप वेल्ड केले असते तर गाडी जन्मभर तशीच वाकडी राहिली असती. माझे हात थंड पडले.

मग अण्णांना फोन. "ओळंबा हाय न्हवं तुझ्याकडं?" होता. इथे घर घेतलं तेव्हा भिंती बघायला म्हणून त्यांनीच पितळेचा ओळंबा बॅगेत टाकलेला, मी हसलो होतो तेव्हा. गाडी चारी चाकांवर, प्रत्येक चाकाखाली लाकडी ठोकळ्यांचा चौथरा, म्हणजे वजन जसं रस्त्यावर असतं तसंच. सबफ्रेमवरच्या आणि मागच्या रेलवरच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडायचा, डुलायचा थांबला की खाली फरशीवर पेन्सिलने टिंब. आठ टिंबं झाली. गाडी बाजूला ढकलली आणि टिंबांचे कर्ण मोजले, सांगाडा सरळ असला तर दोन्ही सारखे यायला पाहिजेत. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा ९ मिलीमीटर जास्त. परत मोजलं, परत ९. कधीतरी कुणीतरी गाडी फुटपाथला घातली असणार, आणि मेलेल्या रबरी बुशमुळे अख्खी सबफ्रेम सरकली होती. म्हणजे मी एकीकडे ओढणाऱ्या गाडीचं अलाइनमेंट दोनदा पैसे देऊन उगाच करून घेतलं होतं.

रबरी बुश काढून ॲल्युमिनियमचे घन बुश घातले, सबफ्रेमला आणि बॉडीला अलाइनमेंटची समोरासमोर भोकं असतात त्यातून रॉड घालून, पहारीने ढकलत ढकलत सरळ केलं, मग आवळलं, मग दार लावून बघितलं, मग परत ओळंबा. चार रविवार गेले यात. बायको म्हणाली, अरे इंजिन बसवतोयस की वास्तुशांत करतोयस?

मागची बाजू तशी पटकन झाली. माझ्या गाडीला मागे एकाच पाट्याची स्प्रिंग होती, एकच पान, जोर दिला की ते पीळ खातं आणि मागची चाकं थडथड उडतात. त्याजागी जास्त पाट्यांची घातली. मूळचा दहा बोल्टवाला मागचा अ‍ॅक्सल या ताकदीला टिकत नाही, म्हणून नऊ इंची फोर्ड पद्धतीचा अ‍ॅक्सल. शेवरलेला फोर्डचा अ‍ॅक्सल! ट्रॉयसारख्या गावात हे वाक्य जरा हळू बोलावं लागतं, इथे निम्मी गल्ली एका कंपनीची पेन्शन खाते आणि निम्मी दुसरीची.

ब्रेक मात्र मी इंजिनच्या आधीच केले आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटतो. चारी बाजूला ड्रम होते, दोन-तीनदा जोरात दाबले की तापून पकडच जायची. मिशिगनमध्ये गाडीची दरवर्षी तपासणी वगैरे काही नाही, सरकार येऊन बघणार नाही, म्हणजे आपणच आपलं बघायचं. चारी डिस्क टाकल्या.

पेट्रोलचं लोक विसरतात. जुन्या इंजिनच्या कार्ब्युरेटरला पाच-सहा पीएसआय (दाबाचं एकक) प्रेशर पुरायचं, नव्या एलएसच्या इंजेक्शनला ५८ लागतं. जुनी टाकी, जुन्या रबरी नळ्या, ५८ पीएसआय, आणि शेजारी गरम एक्झॉस्ट... नको. टाकीतच पंप असलेली, आत आडव्या पट्ट्या असलेली नवीन टाकी घेतली, नाहीतर वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो.

गिअरबॉक्स सहा स्पीडचा टी-५६ मॅग्नम, हा आकाराने एवढा मोठा की फ्लोअरचा मधला उंचवटा (बोगदा) कापावाच लागतो. धड गाडीत ग्राइंडर घालायला मला पूर्ण शनिवार धीर होईना. मापाला इंजिन वरखाली करायला खरं इंजिन वापरलंच नाही, आजोबांच्या ओळखीने भंगारातल्या ट्रकचा ५.३ चा रिकामा ब्लॉक आणला, बाहेरून माप तेच. तो पंधरा-वीस वेळा आत-बाहेर केला असेल. त्यात कळलं की ट्रकचं ऑइल पॅन, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं पात्र, सबफ्रेमच्या आडव्या पट्टीच्या (क्रॉसमेंबर) खाली एवढं लोंबतं की पहिल्या स्पीडब्रेकरला गेलंच. अशा इंजिन बदलासाठी मिळणारं कमी खोलीचं पॅन घेतलं, क्रॉसमेंबरपासून १२ मिलीमीटर फट राहिली, म्हटलं बास.

सप्टेंबरमध्ये चादर काढली. खरं इंजिन गिअरबॉक्ससकट तिरकं करून आत गेलं, कुठेच घासलं नाही, अर्ध्या तासात माउंटवर बसलं. ॲल्युमिनियमचा ब्लॉक जुन्या लोखंडी ब्लॉकपेक्षा हलका, त्यामुळे गाडीचं नाक वर राहिलंय, पुढच्या स्प्रिंगा परत बदलायला लागणार, हे मला आधी सुचायला हवं होतं. संध्याकाळी गाडी परत चौथऱ्यांवर चढवून ओळंबा सोडला. फरक दीड मिलीमीटर. अण्णांना दाखवलं तर ते बराच वेळ मोबाइल डोळ्याजवळ धरून टिंबं बघत होते.

"ऱ्हाऊ दे तेवढं," म्हणाले. "चालू कधी करालाईस?"

वायरिंग अजून खोक्यातच आहे.