कंट्रोलच्या पानात दावण्या: त्या दोन सॅम्पलचा छडा लागला

मागच्या नोंदीतला पीसीए प्लॉट (सॅम्पल एकमेकांशी किती सारखी ते दाखवणारा आलेख) आठवत असेल. द्राक्षाच्या पानांचा सार्वजनिक आरएनए-सेक डेटा, म्हणजे कुठली जीन्स किती चालू आहेत याची मोजणी: तीन सॅम्पल निरोगी पानांची (कंट्रोल), तीन दावण्या म्हणजे डाउनी मिल्ड्यू मुद्दाम लावलेल्या पानांची. कंट्रोलचा तिसरा रेप्लिकेट (त्याच गटातलं तिसरं सॅम्पल) सरळ दावण्या लावलेल्या पानांत जाऊन बसलेला, आणि लावलेल्यांपैकी पहिला कंट्रोलच्या कळपात. तुमच्यातल्या बहुतेकांनी बॅच इफेक्ट (सॅम्पल वेगवेगळ्या वेळी हाताळल्याने येणारा फरक) म्हटलं, काहींनी आउटलायर समजून दोन्ही काढून टाकायला सांगितलं. पण बॅच इफेक्ट असता तर अख्खा गट सरकला असता. इथे बरोबर दोघांनीच जागा बदलल्या होत्या, ते काही पचेना.

पहिला धागा मॅपिंगच्या टक्क्यात सापडला. स्टार या प्रोग्रॅमने द्राक्षाच्या जीनोमवर रीड्स (मशीनने वाचलेले आरएनएचे छोटे तुकडे) बसवले तर स्वच्छ पानांचे जवळजवळ सगळे बसतात. दावण्या लावलेल्यांचा टक्का घसरतो आणि तो घसरायलाच हवा. पण कंट्रोल-3 पण तेवढाच घसरलेला! रीड्सची प्रत तपासणाऱ्या फास्टपीचा रिपोर्ट चकाचक, अॅडॅप्टर (लायब्ररी बनवताना जोडलेला कृत्रिम तुकडा) नाही, राइबोसोमल आरएनएही नेहमीइतकाच. मग न बसलेले रीड्स कोणाचे?

(ज्यांनी 16 जीबी रॅमवर स्टार चालत नाही म्हणून सोडून दिलंय त्यांच्यासाठी: तीस-बत्तीस जीबीचा आकडा माणसाच्या जीनोमचा आहे. द्राक्षाचा जीनोम पन्नास कोटी बेसच्या आसपास, माणसाचा तीनशे कोटींच्या वर. आपल्या लॅपटॉपात द्राक्ष आरामात मावतं.)

म्हणून प्लाझ्मोपारा व्हिटिकोलाचा, म्हणजे दावण्याच्या जंतूचा, जीनोम उतरवला आणि द्राक्षाच्या 19 गुणसूत्रांच्या फाइलला जोडून एकच इंडेक्स (रीडची जागा शोधायची सूची) बांधला. रोगाच्या प्रत्येक तुकड्याच्या नावापुढे ‘पीव्ही’ लावलं, म्हणजे नंतर मोजणी सोपी. दोन्ही जीनोमवर वेगवेगळं मॅपिंग करू नका. अॅक्टिन, ट्युब्युलिन, हिस्टोन असली जुनी जीन्स दोन्हीकडे सारखी दिसतात आणि वेलीचे रीड्स रोगाच्या खात्यावर चढतात. एकाच इंडेक्समध्ये दोघांना झुंजवलं की रीड जिथे जास्त चांगला बसतो तिथेच जातो.

कुठल्या तुकड्यावर किती रीड्स बसले ते मोजणारं सॅमटूल्सचं आयडीएक्सस्टॅट्स चालवलं आणि खुर्चीतून उठलोच. कंट्रोल-3 मध्ये दावण्याचे रीड्स भरभरून, लावलेल्या पानांच्या तोडीस तोड. आणि ‘लावलेला-1’ मध्ये जवळपास काहीच नाही.

आपल्याकडे सगळे दावण्याला बुरशी म्हणतात, पण हा ऊमायसीट, नात्याने तपकिरी शेवाळांच्या जवळचा. त्याच्या एमआरएनएला पॉली-ए शेपूट असते, म्हणून अशी शेपूट असलेले आरएनए उचलणाऱ्या पॉली-ए लायब्ररीत वेलीबरोबर तोही पकडला गेला. जिवाणूजन्य रोग असता तर या लायब्ररीत त्याचा फारसा मागमूस लागला नसता.

आता शंका तीन. इंडेक्स हॉपिंग (एका सॅम्पलची ओळख-अक्षरं दुसऱ्याच्या रीड्सना चिकटणं) म्हणावं, तर त्यात थोडे रीड्स इकडून तिकडे उडतात, अख्खं सॅम्पल उलटत नाही. दुसरी, एका पानावर लागण झालीच नाही आणि कंट्रोलच्या पानावर त्याच खोलीतले बीजाणू उडून पडले. हे होऊ शकतं, आणि वेलीची जीन्स बघून ही शंका फिटत नाही. पान खरोखर आजारी पडलं तर वेलीचा प्रतिसादही तसाच दिसणार. तिसरी, लेबलांची अदलाबदल.

निकाल लागला तो रीडच्या हेडरमध्ये, म्हणजे प्रत्येक रीडच्या वरच्या माहितीच्या ओळीत. एसआरए या अमेरिकेतल्या सार्वजनिक डेटा-साठ्यामधून फास्टरक्यू-डंपने काढलेल्या फाइलींत मूळ हेडर बहुधा पुसलेलं असतं, वर ते टूल तात्पुरत्या फाइलींनी डिस्क भरून टाकतं. मी आता उठसूट ईएनए या युरोपातल्या साठ्यावरूनच उतरवतो. तिथे कधी कधी मूळ जमा केलेल्या फाइलीही मिळतात, याच्या मिळाल्या. ट्रूसेक किटचे बारकोड (प्रत्येक सॅम्पलला जोडलेली ओळख-अक्षरं) क्रमाने वापरलेले: कंट्रोलला 1 ते 3, लावलेल्यांना 4 ते 6. फक्त कंट्रोल-3 च्या हेडरच्या शेवटी टीजीएसीसीए, म्हणजे चौथा बारकोड. आणि लावलेला-1 च्या शेवटी टीटीएजीजीसी, म्हणजे तिसरा. शेजारशेजारच्या नळ्या! सॅम्पल शीट भरताना नाहीतर अपलोड करताना दोन ओळी उलटल्या असणार.

डेटा जमा करणाऱ्यांना ईमेल टाकलाय. उत्तर येईपर्यंत दोन्ही सॅम्पल बाजूला ठेवून डीईसेक2 (दोन गटांत कुठली जीन्स बदलली ते काढणारा प्रोग्रॅम) चालवतोय. दोन विरुद्ध दोन रेप्लिकेट म्हणजे दुबळं काम, पण आपणच लेबल फिरवून पुढे जाणं मला पटत नाही. साइझ फॅक्टर (सॅम्पलमधल्या रीड्सची कमीजास्त संख्या समान पातळीवर आणणारा गुणक) मात्र फक्त वेलीच्या जीन्सवरून काढतोय, रोगाचे काउंट त्यात मिसळले तर सगळंच तिरकं होईल.

या भानगडीत एक गोड गोष्ट पदरात पडली. स्टिलबीन सिंथेज, म्हणजे रेस्वेरेट्रॉल बनवणारं 48 जीन्सचं कुटुंब, 10 आणि 16 नंबरच्या गुणसूत्रांवर दाटीवाटीने बसलेलं. भावंडं इतकी सारखी की जीनप्रमाणे रीड्स मोजणारं फीचरकाउंट्स अनेक जागी बसणारे रीड्स सरळ फेकून देतं आणि अर्धं कुटुंब शून्यावर दिसतं. साल्मन हे दुसरं मोजणी-टूल ते रीड्स अंदाजाने वाटून देतं. त्याच्या आकड्यांवरून काढलेल्या हीटमॅपमध्ये (रंगांच्या तक्त्यात) 16 नंबरचा पट्टा लागण झालेल्या पानांत असा उजळला की तासगावच्या दाजींना मोबाइलवर दाखवल्याशिवाय राहवलं नाही. ऑक्टोबर छाटणी झालेली, वर ढग. ते म्हणाले, “लॅपटॉपला विचारा की पावणं, उद्या बागेत काय मारायचं ते.”

हळदीचं ट्रिनिटी असेंब्ली (जीनोमशिवाय रीड्स जोडून जीन्स उभी करणं) पुढच्या नोंदीत देतो म्हटलं होतं, ते लांबणीवर. दहा लाख रीड्समागे एक जीबी रॅम या हिशोबाने ते माझ्या मशीनवर नाहीच चालणार, गॅलॅक्सी या ऑनलाइन सर्व्हरवर टाकावं लागेल. आणि हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलं: एका डेटात कंट्रोल आजारी निघाला, तर बाकीच्यांचं काय? दोन्ही जीनोमवर न बसलेले रीड्स मी ठेवलेत. त्यांत लीफरोल-3 विषाणू आणि हॉप स्टंट व्हिरॉइड शोधायला काहीच हरकत नाही, द्राक्षात दोन्ही सर्रास सापडतात. लीफरोल असेल तर ‘निरोगी’ पानाचा प्रतिसादही आधीच बदललेला असणार.

तेव्हा आता आधी हेच. थॉमसन किंवा सोनाका द्राक्षाच्या पानांचा सार्वजनिक डेटा कुणी उतरवून ठेवला असेल तर अॅक्सेशन नंबर (साठ्यातला त्या डेटाचा क्रमांक) कळवा. जोड-इंडेक्सची स्क्रिप्ट देतो, फक्त फाइली ईएनएच्या आणि मूळ हेडरवाल्या असू द्या.