बेळगावचं डिझेल घेऊन जोजिला चढू नका

नोव्हेंबरच्या मध्यावर डिझेल जीपनं बेळगाव, पुणे, दिल्ली, श्रीनगर, कारगिल, लेह असा प्रवास झाला. श्रीनगरपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. खरी तयारी इथंच, निघायच्या आधी.

पहिलं रेडिएटरचं पाणी. आपल्याकडं सर्रास बोअरचं पाणी ओततात आणि जांबोटी-चोर्ल्याच्या घाटात ते खपूनही जातं. जोजिला खिंडीपलीकडच्या द्रासला त्याचा बर्फ होतो, बर्फ होताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक तडकतो. सगळं पाणी काढून टाका. इथिलीन ग्लायकॉलचं कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. उणे 35 पर्यंत मग घोर नाही. मॅन्युअलमध्ये चालत असेल तर 15डब्ल्यू-40 काढून थंडीत पातळ राहणारं 5डब्ल्यू-40 ऑइल घाला. बॅटरी लोड टेस्ट करूनच न्या. उणे 18 ला तिची ताकद साधारण निम्मी उरते.

आता डिझेल. त्यात मेण असतं, थंडीत ते घट्ट होऊन फिल्टर तुंबवतं. आपल्या मानकाप्रमाणे पंपावरचं नेहमीचं हिवाळी डिझेल 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून गेलं की पास, उन्हाळी 18 पर्यंत. त्याखाली हमी नाही. म्हणून श्रीनगरला कारगिल गाठेल एवढंच भरा, वर 10 लिटर राखीव, कारण जोजिलावर ट्रकांच्या रांगेत इंजिन तासन्‌तास चालू ठेवावं लागतं. लडाखमध्ये 2019 पासून इंडियन ऑइलचं खास विंटर डिझेल मिळतं, उणे 33 पर्यंत न गोठणारं. पंपावर नाव घेऊन विचारा. टाकी भरून लगेच हॉटेलवर गाडी लावली तर फिल्टरात आणि पाइपात जुनंच डिझेल राहतं. भरल्यावर 10-15 किलोमीटर गाडी पळवा.

मेण धरल्याची खूण अशी: गाडी पहिल्या सेल्फला चालू होते, दोन-चार मिनिटं चालते, मग रेस दिली की दम सोडते. बॅटरी बरी असते, फिल्टर तुंबलेला असतो. सेल्फ मारत बसू नका. फिल्टरवर फडकं गुंडाळून गरम पाणी सोडा, नाही जमलं तर नवीन फिल्टर बसवून हातपंपानं एअर काढा. टाकीखाली जाळ करणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचा जुना उपायही कॉमन रेलच्या, म्हणजे जास्त दाबानं डिझेल फवारणाऱ्या नव्या इंजिनांना नको. त्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं.

बीएस-6 गाडीतलं धूर साफ करणारं युरिया द्रावण उणे 11 ला गोठतं आणि फुगतं, त्याची टाकी काठोकाठ भरू नका. रात्री हँडब्रेक ओढू नका, ओला असेल तर चिकटतो. गाडी गिअरमध्ये आणि चाकाला दगड.

खानापूर भागातल्या ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांचं दुखणं वेगळं. 10-12 अंशांत हिवाळी डिझेल मेण धरत नाही, तरी पहाटे ‘डिझेल गोठलं की’ म्हणणारे असतातच. तिथं फिल्टरखालचा बोल्ट सैल करून आधी पाणी सोडा, बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा थर गरम पाण्यानं धुवा, आणि टाकी संध्याकाळीच भरून ठेवा. रिकाम्या टाकीत रात्रभर दव धरतं.