हेल हाउसने खाल्लेले तीन रविवार

फायनल फॅन्टसी सेव्हन रीमेक या व्हिडिओ गेममध्ये एकूण १८ प्रकरणं आहेत. हार्ड मोडमध्ये (सर्वात अवघड पातळीवर) त्यातली बहुतेक कशी पार पडली ते आता सांगतासुद्धा येणार नाही, कारण सगळा वैताग नवव्या प्रकरणात जमा झालाय. तिथे एका घराने तीन रविवार खाल्ले. हो, घराने. दार, खिडक्या, छप्पर असलेलं साधं घर. कोपरखैरण्यात सिडकोची जुनी बैठी घरं आहेत ना, त्यातलं एखादं हातपाय फुटून अंगावर धावून आलं तर जसं वाटेल, तसं.

राग यायचं खरं कारण वेगळंच आहे. १९९७च्या मूळ खेळात हे हेल हाउस सेक्टर सहाच्या भंगारात मध्येच समोर येणारा किरकोळ शत्रू होता. चार वार केले की विषय संपला. २०२०च्या रीमेकमध्ये त्याला उचलून थेट कॉर्नेओ नावाच्या गुंडाच्या आखाड्यातला बॉस, म्हणजे मोठा शत्रू, केलं. मूळ खेळ ज्यांनी खेळलाय ते हसतच आत जातात आणि तिथेच फसतात.

आधी हार्ड मोडचे नियम, कारण सगळा गुंता त्यांच्यामुळे होतो. खेळ एकदा संपवल्यावरच हा मोड उघडतो. यात पोशन, ईथर, फीनिक्स डाउन असली मदतीची कुठलीच वस्तू वापरता येत नाही. बाकावर विश्रांती घेतली की एचपी (जीव) भरतो, एमपी (जादूची ताकद) भरत नाही. म्हणजे प्रकरणाच्या सुरुवातीला मिळालेला एमपी पुरवून पुरवून वापरायचा. वाटेत शिनरा कंपनीच्या खोक्यांतून माको ऊर्जेचे तुकडे पडतात, त्यातून थोडाफार एमपी मिळतो. पहिल्या फेरीत ही खोकी न फोडता पुढे जाणारे इथे एकेक खोकं शोधत फिरतात.

म्हणून नववं प्रकरण सुरू झालं की किरकोळ शत्रूंवर जादू अजिबात नाही. नायक क्लाउडची तलवार चालवा. जखमा भरायला प्रेअर आणि चक्र हे दोन मटेरिया (जादू किंवा क्षमता देणारे गोळे) लावा, ते एटीबी (लढाईत भरत जाणारी कृतीची पट्टी) खातात पण एमपी मागत नाहीत. या लढाईत तुमच्याकडे फक्त क्लाउड आणि जादू करणारी एरिथ आहेत, तिसरा कोणी मदतीला नाही. हेल हाउससमोर एरिथचा एमपी अर्धा असेल तर सुरुवातच करू नका.

आता मुद्द्याचं. घराच्या खिडक्यांचा रंग बघायचा. लाल म्हणजे आग, तेव्हा बर्फ (ब्लिझर्ड) मारा. निळा म्हणजे बर्फ, तेव्हा आग. हिरवा म्हणजे वारा, तेव्हा वीज. पिवळा म्हणजे वीज, तेव्हा वारा. चारही तत्त्वं लागतात, त्यामुळे चारही मटेरिया एरिथकडे हव्यात आणि त्यातले निदान दोन क्लाउडकडेही हवेत. इथपर्यंत कोणीही सांगेल. अडतं ते वेळेत.

घर रंग बदलत राहतं आणि जादू फेकायला वेळ लागतो. मोठी जादू म्हणजे जास्त वेळ. खिडक्या निळ्या दिसल्या म्हणून फायरागा (आगीची मोठी जादू) सुरू केलं आणि ते पोचेपर्यंत खिडक्या लाल झाल्या, तर आगीच्या घरावर आग टाकल्यासारखं होतं. फायदा झालाच तर घराचा होणार आणि तुमचे २१ एमपी गेले ते गेलेच. साध्या फायरला ४ एमपी लागतात, फायराला १०. इथे साधी आणि मधली जादूच वापरा. अचूक तत्त्व लागलं की स्टॅगरची (शत्रू कोलमडायची) पट्टी साध्या जादूनेही झपाझप वर चढते, आणि घर ढेपाळतं ते स्टॅगरमध्येच. रंग बदलल्या क्षणी जादू सुरू करायची, तो रंग बराच वेळ टिकलेला असेल तर थांबायचं. पहिले दोन रविवार याच्या नेमकं उलट चाललं होतं: रंग ओळखायचा, मेनू उघडायचा, यादीत शोधायचं, तोवर उशीर. यावर उपाय म्हणजे चारही जादू शॉर्टकटच्या बटणांवर लावणं. मेनूत वेळ मंदावतो खरा, पण घाईत यादीत बोट चुकतंच.

एलिमेंटल (शस्त्राला तत्त्व देणाऱ्या) मटेरियाबद्दल एक गोष्ट राहिली. तो क्लाउडच्या तलवारीत आगीशी जोडलेला असेल तर आधी काढा. आधीच्या प्रकरणांत तो सोन्यासारखा असतो, इथे मात्र लाल खिडक्यांवर तुमचा प्रत्येक वार घराच्याच पथ्यावर पडतो. ही चूक सापडायला मला कितीतरी वेळ लागला, कारण दोष दर वेळी नेमाला देत बसलो होतो.

एरिथची आर्केन वॉर्ड ही क्षमता गार्ड स्टिकमधून शिकवून घ्या. एकदा पूर्ण शिकली की कुठल्याही काठीसोबत चालते. जमिनीवर वर्तुळ उमटतं, त्यात उभं राहून मारलेली हल्ल्याची जादू दोनदा जाते. फक्त वर्तुळ घराच्या वाटेत काढू नका, घर धडक मारत येतं आणि एरिथ बाहेर फेकली जाते. आखाड्याच्या कडेला काढा.

शत्रू जास्त करून तुम्ही ज्याला चालवताय त्याच्याच मागे लागतो. म्हणून स्वतः क्लाउड चालवा, घराला आपल्याकडे ओढून ठेवा आणि एरिथला मेनूतून हुकूम सोडा. एटीबी मात्र चालवलेल्या पात्राचा भरभर भरतो, दुसऱ्याचा रांगत, त्यामुळे अधूनमधून एरिथकडे जाऊन चार साधे वार करून परत यावं लागतं.

लोळण घेऊन वार चुकतील ही आशा सोडा. या खेळात लोळण तुम्हाला अभय देत नाही, फक्त जागा बदलते. ढाल धरा. स्टेडफास्ट ब्लॉक हा मटेरिया लावला असेल तर ढाल धरल्यावर एटीबीही भरतो. अपवाद एकच: दार उघडून घर माणसाला आत ओढतं तेव्हा ढाल कामाची नाही, बाजूला पळायचं. क्लाउड आत गेला तर एरिथने बाहेरून मारत राहायचं.

पुढच्या टप्प्यात घर गॉड हाउस होतं. तेव्हा काही मारू नका. जवळजवळ काहीच लागत नाही, एमपी मात्र संपतो. पळा, ढाल धरा, प्रेअर करा. ते ओसरल्यावर पुन्हा रंगांचा खेळ. घर दबावाखाली आलं की क्लाउडचा फोकस्ड थ्रस्ट हा वार, स्टॅगर झालं की इन्फिनिटीज एंड हा मोठा वार. स्टॅगरमध्ये नुकसान नेहमीच्या १६० टक्के लागतं, तेव्हा क्लाउडकडे एटीबीचे दोन ठोकळे भरलेले असतील अशा बेताने खेळा.

आणि हार्ड मोडचा खास आहेर: घरातून टॉनबेरी बाहेर पडतात. तो कंदीलवाला हिरवा बुटका, एका सुरीत माणूस संपवणारा. घर सोडून आधी त्याला संपवा. असल्या झटपट मरणापासून वाचवणारा सेफ्टी बिट एकच असेल तर तो एरिथला घाला. ती पडली की चार रंगांचा सगळा कारभार बंद, आणि उठवायला फीनिक्स डाउन नाही, रेझ जादूच लागते. ती क्लाउडकडे असली पाहिजे. एरिथकडेच असेल तर काय होतं हे वेगळं सांगायला नको.

हरल्यावर येणारा पर्याय नीट वाचा. एक म्हणतो ही लढाई पुन्हा, दुसरा म्हणतो लढाईच्या आधीपासून. लढाई सुरू झाली की मटेरिया बदलता येत नाहीत. पहिलाच पर्याय दाबत राहिलात तर तीच चुकीची मांडणी घेऊन डोकं आपटत राहाल. एक अख्खा रविवार यात गेला.

हो, खेळाबाहेरची खरी वीज राहिली. जून-जुलैत आमच्याकडे पावसाचा जोर आला की दिवे मिचकावतात, आणि लढाईच्या मध्ये सेव्ह होत नाही. पीएस५ खेळताना साधारण २०० वॉट खातो, वर टीव्ही आहेच. ६०० व्हीएचा यूपीएस काही मिनिटं तग धरतो. तेवढ्यात लढाई थांबवून वीज येण्याची वाट बघता येते, नाही आली तर नीट बंद तरी करता येतं.

पुढे सतराव्या प्रकरणात शिनराच्या रूफसशी एकटा क्लाउड लढतो. रूफस बंदूक भरायला थांबला की लगेच ब्रेव्हर हा वार, बाकी वेळी गुमान ढाल. त्या प्रकरणात बॉस एकामागून एक येतात, एमपी नवव्याहून जपून वापरा. हस्तलिखितं घ्यायला विसरू नका, हार्डमध्ये बऱ्याच बॉसकडून मिळतात आणि शस्त्रांचे एसपी (शस्त्र सुधारायचे गुण) वाढवतात.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी घर कोसळलं तेव्हा एरिथकडे ६ एमपी उरले होते. म्हणजे अजून एक ब्लिझर्ड.