स्कोअर वाढला, काउंटरवर अडचण तीच

डोक्याला मार लागून ऑपरेशन झालं, टाके निघाले, सगळे म्हणाले सुटलात. माझं मेडिकल स्टोअर आहे. चिठ्ठीवरची तीन औषधं वाचून मागे रॅककडे वळलो, की दुसरं कोणतं ते आठवेना. मध्येच फोन वाजला तर पहिलंही जायचं.

पुतण्याने मोबाईलवर मेंदूच्या व्यायामाचं ॲप टाकून दिलं. चौकोन लक्षात ठेवा, आकडे उलटे सांगा. रोज नेमाने केलं, स्कोअर चढत गेला, पण काउंटरवर काडीचाही फरक नाही.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आजारपणानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या) मॅडमना याचं नवल वाटलं नाही. त्यांनी सांगितलं, मेंदूचे अभ्यासक एड्रियन ओवेन यांच्या गटाने 2010 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात अशा खेळांचा 11,430 जणांवरचा प्रयोग छापला होता. सहा आठवड्यांत लोक खेळलेल्या खेळांत तरबेज झाले, इतर चाचण्यांत मात्र त्याचा उपयोग दिसला नाही. ती माणसं धडधाकट होती, हे मी लगेच बोलून दाखवलं. त्यावर त्या म्हणाल्या, मेंदूच्या दुखापतीनंतरच्या उपचारांसाठी तज्ज्ञांनी केलेल्या ‘इनकॉग’ शिफारशीही हेच सांगतात: रोजच्या कामाशी संबंध नसलेल्या कॉम्प्युटरच्या सरावावर विसंबू नका.

मग माझ्याच कामाचा सराव सुरू झाला. जेवणाच्या टेबलावर रिकाम्या स्ट्रिप्स मांडायच्या. चिठ्ठी ट्रेमध्ये ठेवून ट्रे रॅकपाशी न्यायचा. “मेटफॉर्मिन 500” असं नाव आणि ताकद मोठ्याने म्हणायची, स्ट्रिप काढायची, चिठ्ठीशी जुळवायची, खूण करायची, मगच पुढचं औषध. आधी एकच औषध, शांत खोलीत. ते जमल्यावर दोन. मग मॅडम मुद्दाम गप्पा मारत, रेडिओ लावत. मध्ये कुणी बोललं तर बोट चालू ओळीवर ठेवून “एक मिनिट” म्हणायचं, हेसुद्धा शिकावं लागलं. तेच सगळ्यात अवघड गेलं.

बाकी आठवणींसाठी वही आणि मोबाईलचे अलार्म. आईला वाटायचं, असल्या कुबड्यांनी डोकं आळशी होईल. मला ते अजिबात पटत नाही. ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ बार्बरा विल्सन यांनी 2001 मध्येच दाखवलं होतं, की पेजरवर (संदेश दाखवणारं छोटं यंत्र) आठवण आली तर स्मृती अधू झालेल्या बहुतेकांची रोजची कामं जास्त पार पडतात.

आता सकाळी काउंटर मी सांभाळतो, औषध हातात देण्याआधी पुतण्या एकदा तपासतो. थकवा मात्र गेलेला नाही. संध्याकाळच्या गर्दीत मी पुढे थांबत नाही, आत बसून एक्सपायरीच्या तारखा बघतो. ॲपची वर्गणी पुन्हा भरली नाही.