दहा-बारा पानांचा आयर्न मॅन

दिवाळी अंकांची पानं लावण्यात माझी बरीच वर्षं गेली. परिणाम असा, की जुनं मासिक हातात आलं की गोष्टीआधी मी पानं मोजतो. मार्व्हलच्या ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’चे पुनर्मुद्रित अंक वाचतानाही तेच झालं. आयर्न मॅनची गोष्ट रंगात येते, आणि दहा-बारा पानांत खलास! पुढे लगेच कॅप्टन अमेरिका. एका अंकात दोन भाडेकरू.

हे असं का, याचं उत्तर कथेत नाही, वितरणात आहे. १९५७ साली मार्व्हलचा प्रकाशक मार्टिन गुडमन याचा वितरक हातातून गेला आणि त्याला इंडिपेंडंट न्यूजकडे जावं लागलं. ती कंपनी कोणाची? सुपरमॅन छापणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची, डीसीची! त्यांनी अट घातली, महिन्याला आठच अंक. म्हणजे नवा नायक आणायचा तर जुन्या मासिकात जागा करायची.

‘टेल्स ऑफ सस्पेन्स’ असंच एक मासिक. जानेवारी १९५९ ची तारीख घेऊन आलेलं, राक्षस आणि परग्रहवासीयांच्या छोट्या गोष्टींचं. मार्च १९६३ च्या ३९व्या अंकात टोनी स्टार्क व्हिएतनाममध्ये जखमी होतो आणि लोखंडी चिलखत घालून उभा राहतो. चिलखत राखाडी, पुढच्याच अंकात सोनेरी, आणि ४८व्या अंकात चित्रकार स्टीव्ह डिटकोने लाल-सोनेरी केलं. आजही तेच चाललंय. ब्लॅक विडो आणि हॉकआय याच मासिकात पहिल्यांदा दिसले, तेही आयर्न मॅनच्या विरोधात, हे सिनेमांवर वाढलेल्या माझ्या भाच्याला पटतच नाही.

नोव्हेंबर १९६४ च्या ५९व्या अंकापासून कॅप्टन अमेरिका राहायला आला. त्याच्या वाट्याच्या पानांत चित्रकार जॅक कर्बीने पहिल्याच वेळी जवळजवळ नुसती हाणामारी काढली. ॲव्हेंजर्सच्या घरात कॅप्टन एकटा, गुंड आत शिरतात, बस्स. कथानक असं काही नाहीच, आणि तरी एक चौकट काढून टाकता येणार नाही. पुढे ७९व्या अंकापासून खलनायक रेड स्कल आणि कॉस्मिक क्यूब नावाच्या अद्भुत घनाची गोष्ट त्याने तीन हप्त्यांत बसवली. आजकाल एवढ्यासाठी अख्खं वर्ष लावतील.

आयर्न मॅनच्या पानांवर चित्रकार जीन कोलन आला, तो ॲडम ऑस्टिन या नावाने, कारण तेव्हा तो डीसीचंही काम करत होता. त्याचं पानांशी वागणं अगदी उलटं. मोठमोठ्या चौकटी, पसरलेल्या सावल्या. दिसतं सुरेख, पण माझ्यासारख्याचा जीव वरखाली होतो, की अरे बाबा, गोष्ट संपणार कुठे?

१९६८ मध्ये ती अट सैल झाली आणि वाटण्या झाल्या. ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’ ९९व्या अंकाला थांबलं. १००वा अंक ‘कॅप्टन अमेरिका’ नावाने निघाला. मार्व्हलच्याच ‘टेल्स टू ॲस्टॉनिश’ या दुसऱ्या जोडमासिकाचा असाच ‘हल्क’ झाला. पण दोन्हीकडचे दुसरे भाडेकरू, आयर्न मॅन आणि सब-मरिनर, महिनाभर बेघर! त्यांच्या स्वतःच्या मासिकांवर मे १९६८ पडणार होतं, आणि हप्ते तर अर्धवट लटकलेले. मग एप्रिलमध्ये दोघांना एकत्र कोंबून ‘आयर्न मॅन अँड सब-मरिनर’ काढलं. अंक पहिला, आणि तोच शेवटचा. संग्राहक ३९व्या अंकामागे धावतात. मला परवडला तर मी हा घेईन.