टायपिंगचे पाच, तपासायचे दोनशे

परभणीत कोर्टाजवळ माझं डीटीपीचं दुकान. मराठी टायपिंगची मिनिटाला 40 शब्दांची परीक्षा पास झालो आणि त्यावर बावीस वर्षं काढली. 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, ते माझ्या गावीही नव्हतं. वर्षभरानं गिऱ्हाइकं मोबाइल पुढं करायला लागली. "काका, समदं लिहून आणलंय, निस्तं प्रिंट मारा." प्रिंटचे पाच रुपये.

आधी मी रुसलो. दोन दिवस असे मजकूर छापलेच नाहीत. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं, एवढंच झालं.

मग एकाचं हक्कसोडपत्र छापता छापता वाचलं. बहिणी शेतातला हिस्सा भावाला सोडत होत्या. भाषा माझ्यापेक्षा गुळगुळीत. पण शंभराच्या बाँडवर नोटरी केली की झालं, असं त्याला मोबाइलनं सांगितलेलं. अहो, जमिनीतला हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडं नोंदवावाच लागतो. आणि 16 ऑक्टोबर 2024 पासून शंभर-दोनशेच्या जागी पाचशेचा मुद्रांक आलाय. जमिनीच्या मापात आर आणि गुंठ्यांची खिचडी वेगळीच. सगळं नीट करून दिलं आणि चाचरतच म्हणालो, तपासायचे दोनशे होतील. त्यानं काढून दिले.

दुसरी वाट जुन्या कागदांनी दाखवली. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला लागली, तशा घरोघरच्या ट्रंका उघडल्या. निजामकाळातले उर्दू उतारे, मोडीतली कागदं. एकानं उताऱ्याचा फोटो मोबाइलला दाखवला. त्यानं साल 1345 हिजरी धरून 1926 सांगितलं. साल होतं फसली, म्हणजे महसुलाचं. फसलीत 590 मिळवायचे, म्हणजे 1935. नऊ वर्षांत वंशावळीतली एक पिढी इकडची तिकडं होते. हे मला गल्लीतल्या निवृत्त उर्दू मास्तरांनी सांगितलं. आता रोज संध्याकाळी त्यांच्याकडं बसतो. मोडीही शिकतोय, जरी 2025 मध्ये आयआयटी रुरकीनं मोडीचं देवनागरी करणारं मॉडेल काढलंय. वर्गाचे पैसे भरताना ते डोक्यात होतंच.

कच्चा मसुदा आता मीही मोबाइललाच सांगतो.

दुकानात एक पोरगा होता, माझ्याहून वेगात टाइप करणारा. गेल्या दिवाळीनंतर त्याला ठेवणं जमलं नाही. सहा वर्षांत मी त्याला फक्त वेगच शिकवला होता.