जातीचा रकाना

अमृतमहोत्सवी स्मरणिकेत गुरुजनांच्या शिस्तीचं आणि गणिताचं कौतुक होईलच. मला लिहायचंय ते आपल्या जुन्या हेडसरांच्या जनरल रजिस्टरबद्दल, म्हणजे शाळेत दाखल होणाऱ्या मुलांच्या नोंदवहीबद्दल.

माळावर पाल ठोकून राहिलेला बाप पोराला दाखल करायला यायचा आणि ‘लिवा काय बी’ म्हणायचा. हेडसर त्याला बसवून घ्यायचे. जात, पोटजात, मूळ गाव, तालुका, जिल्हा, सगळं विचारून मगच टाक उचलायचे. कित्येक शाळांत नुसतं ‘हिंदू’ लिहून मोकळे होतात, नाहीतर आडनावच जातीच्या रकान्यात जातं. त्याची किंमत नातवाला मोजावी लागते. विमुक्त-भटक्यांच्या जातीच्या दाखल्याला 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांच्या दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. बाप-आजा शाळेतच गेले नसतील तर कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद शोधत तहसील पालथं घालायचं. मूळ जिल्हाही हवाच: कैकाडी विदर्भाच्या बहुतेक भागात अनुसूचित जातीत मोडतात, इकडे विदर्भाबाहेर विमुक्त जातीत.

लिहिताना चूक झालीच तर ब्लेडनं खरवडणं त्यांना चालत नसे. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ, खालचं अक्षर वाचता येईल अशी. वर लाल शाईत दुरुस्ती, शेजारी सही आणि तारीख. जात पडताळणीचं दक्षता पथक आधी हेच बघतं. शाई वेगळी, वळण वेगळं, जात मागाहून घुसडलेली दिसली की प्रकरण अडकलंच.

रजिस्टरात जात इतकी काटेकोर, पण वर्गात तिचा उच्चार नाही. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती म्हणजे तेव्हा पाचवी ते सातवीच्या मागासवर्गीय मुलींना महिना 60 रुपये, वर्षाचे दहा महिने. ती वाटताना ‘बीसीवाल्या (म्हणजे मागासवर्गीय) उभ्या राहा’ अशी हाळी बऱ्याच शाळांत ऐकू यायची. आपल्या बाई पालकांना मधल्या सुट्टीत एकेक करून बोलावून सह्या घ्यायच्या. वेळ चौपट जायचा. मुलींची गळती अशा हाळीनंही होते, हे शासनाच्या कुठल्या तक्त्यात येत नाही.

आपली शाळा पंचाहत्तर वर्षांची, म्हणजे पहिली रजिस्टरं 1961च्या आधीची. पानं कडांनी तुटायला लागली आहेत. महोत्सवाच्या निधीतून कमान उभारण्याआधी त्यांचं स्कॅनिंग व्हावं, आणि लॅमिनेशन मात्र कुणी करू नये. त्यात जुना कागद कायमचा अडकतो.


— एक माजी विद्यार्थी